परीक्षेतील कॉपी (महाराष्ट्र)

परीक्षेतील कॉपी म्हणजे परीक्षा देताना अनधिकृत साहित्याचा, दुसऱ्या परीक्षार्थीच्या उत्तरांचा किंवा बाहेरील व्यक्तीच्या मदतीचा आधार घेऊन उत्तरे लिहिणे. इंग्रजीत ‘कॉपी’ या शब्दाचा अर्थ केवळ नक्कल असा असला, तरी मराठीत तो परीक्षेतील गैरप्रकारासाठीच रूढ झाला असून त्यावरून ‘कॉपीबहाद्दर’, ‘कॉपीमुक्त’ असे शब्दही तयार झाले आहेत. महाराष्ट्रात हा प्रश्न मुख्यतः महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावी व बारावीच्या परीक्षांच्या संदर्भात चर्चिला जातो. पुणे येथे मुख्यालय असलेल्या या मंडळाच्या नऊ विभागीय मंडळांमार्फत दरवर्षी सुमारे ३० लाख विद्यार्थी या दोन परीक्षा देतात.

स्वरूप

कॉपीचे वैयक्तिक व सामूहिक असे दोन प्रकार पडतात. चिठ्ठ्या जवळ बाळगणे, मार्गदर्शिकेची पाने फाडून आणणे किंवा शेजाऱ्याची उत्तरपत्रिका पाहणे हे वैयक्तिक प्रकार होत. सामूहिक कॉपीत केंद्राबाहेरून चिठ्ठ्या पुरवल्या जातात, वर्गात उत्तरे सांगितली जातात किंवा पर्यवेक्षक जाणीवपूर्वक दुर्लक्ष करतात. खऱ्या परीक्षार्थीच्या जागी दुसऱ्याने बसणे यास ‘डमी’ असे म्हणतात. मोबाइलच्या प्रसारानंतर प्रश्नपत्रिकेची छायाचित्रे समाजमाध्यमांवर पसरण्याचे प्रकार वाढले. ३ मार्च २०२३ रोजी बारावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेची काही पाने बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा परिसरातून परीक्षा सुरू होण्यापूर्वीच प्रसारित झाली. या प्रकरणी झालेल्या अटकांमध्ये शिक्षकांचाही समावेश होता.

कारणे

निकालाची टक्केवारी हे शाळेच्या गुणवत्तेचे एकमेव माप मानले जाणे, हे एक प्रमुख कारण आहे. पटसंख्या टिकवण्यासाठी चांगला निकाल आवश्यक ठरतो आणि त्यामुळे काही ठिकाणी शाळा, संस्थाचालक व पालक यांचे हितसंबंध कॉपीच्या बाजूने एकवटतात.

दुसरे कारण अध्ययनातील तुटीचे आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार आठवीपर्यंत विद्यार्थ्याला अनुत्तीर्ण करण्यास मनाई होती. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीसाठी राज्यांना निर्णयाची मोकळीक मिळाली. प्राथमिक स्तरावर राहिलेल्या उणिवा वेळीच भरून काढल्या न गेल्यास त्या दहावीत एकदम उघड होतात. वाचन व गणिताचा पाया कच्चा असलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी आणि गणित या विषयांत कॉपी हाच मार्ग दिसतो. रिक्त शिक्षकपदे, पाठांतरावर भर देणारे प्रश्न आणि नापास होण्याची सामाजिक लाज ही कारणेही यात मिसळतात.

परिणाम

कॉपी करून उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याची उणीव पुढील वर्गात अधिक तीव्र होते. अकरावीचा अभ्यासक्रम दहावीचे ज्ञान गृहीत धरत असल्याने त्याची गळती होण्याचा किंवा पुन्हा कॉपीवर विसंबण्याचा धोका वाढतो.

प्रामाणिक विद्यार्थ्यांचे नुकसान मात्र सहज दिसून येत नाही. अकरावीचे केंद्रीय प्रवेश दहावीच्या गुणांवर दिले जातात. पुणे व पिंपरी-चिंचवडसारख्या शहरांत प्रचलित असलेली ही पद्धत २०२५-२६ पासून राज्यभर लागू झाली. गुणवत्ता यादीत अपूर्णांकानेही जागा बदलू शकत असल्यामुळे एका केंद्रावर गैरमार्गाने मिळालेले गुण दुसऱ्या गावातील विद्यार्थ्याची जागा घेऊ शकतात.

व्यापक परिणाम गुणपत्रिकेच्या विश्वासार्हतेवर होतो. अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेश आता स्वतंत्र प्रवेशपरीक्षांवर अवलंबून आहेत. बारावीच्या गुणांचे महत्त्व किमान पात्रतेपुरते उरल्याने विद्यार्थ्यांचा ओढा खासगी शिकवणीकडे वाढतो व महाविद्यालयातील उपस्थिती रोडावते. त्याची सर्वाधिक झळ शिकवणीचा खर्च न परवडणाऱ्या कुटुंबांना बसते.

कायदा व उपाययोजना

महाराष्ट्रात १९८२ पासून विद्यापीठ, मंडळ व इतर विनिर्दिष्ट परीक्षांतील गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा स्वतंत्र अधिनियम आहे. याशिवाय मंडळ दोषी विद्यार्थ्याची संपादणूक रद्द करू शकते व त्याला पुढील परीक्षांना बसण्यास मनाई करू शकते. केंद्र सरकारचा २०२४ चा सार्वजनिक परीक्षा कायदा मुख्यतः केंद्रीय भरती व प्रवेशपरीक्षांसाठी असून राज्य मंडळाच्या परीक्षा त्याच्या कक्षेत येत नाहीत.

२०१० च्या सुमारास नांदेडचे तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी जिल्ह्यात कॉपीमुक्त अभियान राबवले. प्रारंभी निकालाची टक्केवारी मोठ्या प्रमाणात घसरली. परंतु हा ‘नांदेड पॅटर्न’ पुढे राज्यभर अनुकरणीय ठरला. करोना साथीनंतर २०२२ मध्ये विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी ‘शाळा तेथे परीक्षा केंद्र’ ही व्यवस्था होती. ती पुढील वर्षी मागे घेण्यात आली. २०२३ पासून प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी देणे बंद करून तेवढा वेळ परीक्षेच्या शेवटी वाढवून देण्यात आला. २०२५ मध्ये पूर्वी गैरप्रकार आढळलेल्या केंद्रांवर अन्य शाळांतील केंद्रसंचालक व पर्यवेक्षक नेमण्याचे धोरण स्वीकारले गेले. भरारी पथके व बैठी पथके ही नेहमीची साधने आहेत.

मर्यादा

केवळ बंदोबस्ताने हा प्रश्न सुटत नाही, याचे उदाहरण म्हणून उत्तर प्रदेशचा दाखला दिला जातो. तेथे १९९२ मध्ये कठोर नक्कलविरोधी कायदा लागू झाल्यावर हायस्कूल परीक्षेचा निकाल सुमारे १५ टक्क्यांपर्यंत खाली आला. अनेक विद्यार्थ्यांवर अटकेची कारवाई झाल्याने असंतोष वाढला आणि पुढील सरकारने तो कायदा मागे घेतला. कडक परीक्षेमुळे अध्ययनातील तूट उघड होते, पण ती भरून निघत नाही. त्यासाठी आठवी-नववीतच कच्च्या विद्यार्थ्यांचा शोध घेऊन त्यांना पूरक अध्यापन देणे, आकलनावर आधारित प्रश्न विचारणे आणि शाळेचे मूल्यमापन निकालाखेरीज अन्य निकषांवरही करणे आवश्यक ठरते. तसेच सामूहिक कॉपी मोठ्यांच्या सहभागाशिवाय शक्य नसल्याने, कारवाईचा भार केवळ परीक्षार्थीवर टाकल्यास तिचे मूळ कायम राहते.