चित्रसंपादन व चुंबकीय तबकडी

चित्रपट, दूरचित्रवाणी-कार्यक्रम, अनुबोधपट इत्यादींसाठी टिपलेली दृश्ये साठवून त्यांतील इष्ट तुकडे निवडण्यासाठी व जुळविण्यासाठी वापरण्यात येणारे संगणकीय साधन. व्यवहारात त्यास हार्ड डिस्क असे म्हणतात. संगणकाच्या पेटीत न बसविता स्वतंत्र वेष्टनात ठेवून तारेने जोडलेली तबकडी ती बाह्य तबकडी होय. चित्रसंपादनाच्या क्षेत्रात चुंबकीय तबकडीचा प्रवेश १९७० नंतर झाला. प्रारंभी तिच्यावर दृश्यांची केवळ कामापुरती प्रत असे. पुढे मूळ दृश्यांचा सांभाळही तिच्याकडेच आला. तिच्या विश्वसनीयतेचा प्रश्न मुख्यतः या दुसऱ्या स्थित्यंतरातून निर्माण झालेला आहे.

फिल्मच्या काळात मूळ प्रतीला, म्हणजे निगेटिव्हला, संपादक हात लावीत नसे. रसायनशाळेत निगेटिव्ह धुतल्यावर तिच्यावरून एक साधी प्रत काढली जाई आणि संपादक त्या प्रतीचे तुकडे करून ते जोडी. ही कामाची प्रत फाटली, तिच्यावर ओरखडे पडले वा तिचा एखादा तुकडा हरवला, तरी निगेटिव्ह सुरक्षित असल्यामुळे नवी प्रत काढता येई. संपादन पुरे झाल्यावरच फिल्मच्या कडेवरील क्रमांकांच्या आधारे निगेटिव्ह कापली जाई. झिजण्याची वस्तू व जपण्याची वस्तू अशी ही फारकत संपादनव्यवसायाच्या जवळजवळ आरंभापासून चालत आलेली होती.

१९५६ या एकाच वर्षी अमेरिकेत दोन साधने पुढे आली. ॲम्पेक्स या कंपनीने ५ सेंमी. रुंदीच्या चुंबकीय फितीवर दूरचित्रवाणीची चित्रे मुद्रित करणारे यंत्र दाखविले, तर आय. बी. एम. या कंपनीने रॅमॅक या संगणकासाठी पहिली चुंबकीय तबकडी-यंत्रणा बाजारात आणली. तिच्यात सु. ६१ सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्या एका आसाभोवती मिनिटास १,२०० फेरे घेत आणि त्या सर्वांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. कपाटाएवढ्या या यंत्रणेचे वजन एक टनाच्या आसपास होते. फितीवर हवा तो भाग शोधण्यासाठी ती गुंडाळीत जावे लागे. तबकडीवर मात्र कोणत्याही ठिकाणी क्षणार्धात पोहोचता येई. हाच गुण पुढे संपादकांना मोलाचा वाटला.

तबकडीची रचना तिच्या सामर्थ्याचे तसेच तिच्या दुर्बलतेचेही कारण आहे. चुंबकीय लेप दिलेली चकती चलित्राच्या साहाय्याने फिरत असते आणि तिच्या पृष्ठालगत लेखन-वाचन शीर्ष हवेच्या पातळ थरावर तरंगत असते. आधुनिक तबकडीत हे अंतर अवघे काही नॅनोमीटर असते. सिगारेटच्या धुराचा कणदेखील त्याहून कितीतरी मोठा असतो. चालू तबकडी पडली वा तिला धक्का बसला, तर शीर्ष पृष्ठावर आदळून लेप खरवडला जातो. १९७३ साली आय. बी. एम.ने विंचेस्टर या टोपणनावाने ओळखली जाणारी यंत्रणा तयार केली. तिच्यात शीर्षे व चकत्या एकाच बंदिस्त पेटीत असल्यामुळे धुळीचा उपद्रव पुष्कळ कमी झाला. आजच्या तबकड्या याच रचनेच्या वंशातील आहेत.

चित्रसंपादनासाठी तबकडी वापरणारी पहिली यंत्रणा म्हणजे १९७१ ची सी. एम. एक्स. ६०० होय. सी. बी. एस. ही दूरचित्रवाणी कंपनी व मेमोरेक्स ही फिती व तबकड्या बनविणारी कंपनी यांच्या संयुक्त उद्योगाने ती तयार केली. तबकड्यांवर सु. अर्धा तास चालतील इतकीच आणि तीही कृष्णधवल व कमी प्रतीची चित्रे मावत. संपादक प्रकाशलेखणीने पडद्यावर दृश्ये निवडी. त्याच्या निर्णयांची यादी यंत्र तयार करी आणि त्या यादीनुसार मूळ फितींवरून अंतिम कार्यक्रम जुळविला जाई. किंमत भारी असल्यामुळे अशी यंत्रे फारच थोडी विकली गेली. तथापि फिल्मच्या काळातील जुनी फारकत तिच्यात शाबूत होती, हे लक्षणीय आहे. तबकडी बिघडली तर दिवसाचे काम वाया जाई. चित्रण जात नसे.

१९८९ साली ॲव्हिड या कंपनीने मॅकिंटॉश संगणकावर चालणारी संपादनयंत्रणा आणली आणि तबकडीवरील संपादन हळूहळू रुळले. या काळात संपादकांची तक्रार तबकडी निकामी होण्यापेक्षा ती मध्येच अडखळण्याची असे. उष्णतेने धातूचे भाग किंचित प्रसरण पावतात. त्यामुळे शीर्षाची जागा अचूक राखण्यासाठी तबकडी ठराविक वेळाने काम थांबवून स्वतःची फेरजुळणी करी. पत्रे वा हिशेब ठेवणाऱ्यास हा क्षणाचा खंड जाणवतही नसे, पण सलग चित्रप्रवाहात त्यामुळे चौकटी गळत. म्हणून ही फेरजुळणी लांबणीवर टाकणाऱ्या खास तबकड्या काढण्यात आल्या. वॉल्टर मर्च यांनी द इंग्लिश पेशंट (१९९६) या चित्रपटाचे संपादन फिल्मवर सुरू करून मध्येच ॲव्हिडवर नेले. या कामाबद्दल त्यांना १९९७ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. संगणकीय पद्धतीने संपादित केलेल्या चित्रपटाला संपादनाचे ऑस्कर मिळण्याची ही पहिलीच वेळ होती.

बाह्य तबकडी सर्वसामान्य संपादकाच्या मेजावर आली ती डीव्ही या लहान फितीमुळे. १९९५ च्या सुमारास प्रचारात आलेल्या या पद्धतीत तासाभराच्या चित्रणास सु. १३ गिगॅबाइट जागा लागे आणि फायरवायर या तारेने ते थेट संगणकात उतरविता येई. लग्नसमारंभांचे चित्रण करणारे व्यावसायिक, अनुबोधपटकार व वृत्तवाहिन्या यांनी ही सोय चटकन उचलली. मात्र तबकडी वेष्टनात घातल्याबरोबर बिघाडाच्या जागा वाढल्या. वेष्टनात तबकडी व तार यांच्यात दुभाष्याचे काम करणारी एक चिप असते. शिवाय वीजपुरवठ्याचा वेगळा संच, सैल होणारी खाच आणि कोंडलेली उष्णता यांचीही भर पडते. २००३ साली मॅकिंटॉशची नवी कार्यप्रणाली घेतल्यावर काही बाह्य फायरवायर तबकड्यांवरील मजकूर नाहीसा झाल्याच्या तक्रारी आल्या. तबकड्या धडधाकट होत्या. दोष एका विशिष्ट दुभाषी चिपच्या अंतर्गत आज्ञावलीशी निगडित होता. काही वेष्टनांतील चिप मजकूर सांकेतिक रूपात लिहिते. अशी चिप बिघडल्यास आतील चांगली तबकडी काढून दुसरीकडे लावली तरी ती वाचता येत नाही. वापरणारा मात्र या सर्वांस ‘हार्ड डिस्क गेली’ एवढेच म्हणतो.

येथपर्यंत मूळ फीत शिल्लक राहत होती. पॅनासॉनिकचे पी-२ हे स्मृतिपत्र (२००४) व रेड कंपनीचा चित्रपट-कॅमेरा (२००७) यांसारख्या साधनांनी फीतच नाहीशी केली. स्मृतिपत्र महाग असल्याने त्यावरील दृश्ये चित्रीकरणस्थळीच तबकडीवर उतरवून ते पुसावे व पुन्हा कॅमेऱ्यात घालावे, असा प्रघात पडला. पुसल्या क्षणापासून तबकडीवरील प्रत हीच मूळ प्रत ठरते. तबकडी पूर्वीपेक्षा कच्ची झाली असे नव्हे. तिच्याकडून मागितलेले काम बदलले. कामाच्या प्रतीसाठी पुरेसा असलेला टिकाऊपणा निगेटिव्हसाठी पुरेसा नव्हता, आणि हा फरक अनेक निर्मात्यांच्या ध्यानी नुकसान झाल्यावरच आला.

तबकडीचा टिकाऊपणा नेमका किती, याविषयीची विस्तृत पाहणी २००७ साली प्रथमच प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी उत्पादक आपल्या पत्रकांत दोन बिघाडांमधील सरासरी काळ दहा ते पंधरा लाख तास असल्याचे छापीत. दहा लाख तास म्हणजे सु. ११४ वर्षे, परंतु एक तबकडी शतकभर चालेल असा याचा अर्थ नाही. हजार तबकड्या वर्षभर चालविल्यास त्यांपैकी फार तर नऊ निकामी होतील, एवढाच तो आहे. कार्नेगी-मेलन विद्यापीठातील श्रोडर व गिब्सन यांनी सु. एक लाख तबकड्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वार्षिक बिघाडाचे प्रमाण बहुधा दोन ते चार टक्के आणि काही ठिकाणी तेरा टक्क्यांपर्यंत आढळले. त्याच परिषदेत गूगलच्या संशोधकांनीही एक लाखाहून अधिक तबकड्यांचा अभ्यास मांडला. तबकडी स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते, तिच्यात निकामी झालेल्या तबकड्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक तबकड्यांच्या बाबतीत कोणतीही पूर्वसूचना नव्हती. खडखड ऐकू आल्यावर प्रत काढू, हा संपादनगृहांतील सार्वत्रिक समज या आकड्याने खोटा ठरविला.

एकेका तबकडीवर विसंबता येत नाही, हे गृहीत धरून अनेक तबकड्यांचा समूह करण्याची कल्पना पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ साली बर्कली येथे मांडली. रेड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रचनेत (कॅमेरा बनविणाऱ्या कंपनीशी हिचा संबंध नाही) एक तबकडी निकामी झाली तरी तिच्यावरील मजकूर इतरांवरून पुन्हा सिद्ध करता येतो. वेगही वाढत असल्याने संपादनगृहांत तिचा प्रसार झाला. पण समूह म्हणजे दुसरी प्रत नव्हे. चुकून पुसलेले दृश्य समूहातील सर्व तबकड्यांवरून एकाच वेळी पुसले जाते. १९९८ साली टॉय स्टोरी २ या चित्रपटाची निर्मिती चालू असता एका चुकीच्या आज्ञेने त्याचा बहुतेक भाग संगणकांवरून पुसला गेला आणि राखीव प्रतीही सदोष असल्याचे उघडकीस आले. चित्रपटाच्या तांत्रिक पर्यवेक्षिकेने घरून काम करता यावे म्हणून घरच्या संगणकावर प्रत ठेवली होती. तिच्या आधारे काम वाचले.

फिल्मचा ऱ्हास व तबकडीचा बिघाड यांची जात वेगळी आहे. जुनी नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही असते. पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म संस्थेच्या आवारातील कोठीस लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा नष्ट झाला. परंतु आगीतून वाचलेले रीळ दशकानुदशके हळूहळू विटत जाते आणि विटलेल्या रिळातूनही काही दृश्ये सोडविता येतात. तबकडी आज चालते आणि उद्या चालत नाही. तिच्यातून मजकूर परत मिळविण्याचे काम धूलिरहित खोलीत करावे लागते. ते खर्चिक असते आणि त्याची हमी नसते. कपाटात ठेवलेली तबकडी सुरक्षित राहते हाही गैरसमज आहे. दीर्घकाळ न फिरविलेल्या तबकडीचे शीर्ष वा धारवे चिकटून ती सुरूच न होण्याचा संभव असतो. अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने २००७ साली काढलेल्या अहवालानुसार एका चित्रपटाची फिल्मरूप मूळ प्रत जपण्याचा वार्षिक खर्च १,०५९ डॉलर, तर अंकीय मूळ प्रतीचा १२,५१४ डॉलर होता. संगणकीय पद्धतीने जपणूक स्वस्त होईल, या तोवरच्या अपेक्षेला हा धक्काच होता.

या अनुभवातून चित्रीकरणस्थळीची शिस्त बदलली. स्मृतिपत्र पुसण्यापूर्वी त्याच्या किमान दोन, शक्यतो तीन प्रती वेगवेगळ्या साधनांवर काढणे, प्रत्येक प्रत मुळाबरहुकूम असल्याचे बेरजेच्या ताळ्याप्रमाणे संगणकाकडून पडताळून घेणे आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवणे, हे काम करणारा स्वतंत्र साहाय्यक आता पथकात असतो. स्थळाचाही विचार करावा लागतो. साध्या तबकडीचे शीर्ष हवेवर तरंगत असल्यामुळे बहुतेक उत्पादक ती समुद्रसपाटीपासून सु. ३,००० मी. उंचीपर्यंतच चालविण्यास सांगतात. लेह त्याहून उंचावर आहे. फिरते भाग नसलेल्या घन-अवस्था साठवणीस ही अडचण नाही व पडण्याचे भयही कमी, म्हणून प्रत्यक्ष संपादनात तिने तबकडीची जागा बरीचशी घेतली आहे. मात्र तिच्यातील विद्युत् भार वीजपुरवठ्याविना कालांतराने झिरपून जात असल्याने तीही दीर्घकाळ जपणुकीस योग्य नाही.

जपणुकीसाठी मोठे निर्माते पुन्हा चुंबकीय फितीकडे वळले आहेत. २००० साली आलेली एलटीओ ही फीत उत्पादकांच्या मते योग्य हवामानात तीस वर्षे टिकते. तथापि तिची नवी वाचनयंत्रे फार तर मागील एकदोन पिढ्यांच्याच फिती वाचू शकतात. त्यामुळे फीत उत्तम स्थितीत असतानाही तिच्यावरील दृश्ये काही वर्षांनी नव्या फितीवर उतरवून घ्यावी लागतात.