अपघाती धडक आणि निलंबन

मैदानी खेळात इजा करण्याचा हेतू नसताना दोन खेळाडूंची टक्कर होऊन त्यांपैकी एकास दुखापत होते, तेव्हा त्या टकरीस अपघाती धडक म्हणतात. अशा धडकेबद्दल दुसऱ्या खेळाडूस पुढील काही सामने अथवा काही काळ खेळण्यास मनाई करणे, म्हणजे त्याचे निलंबन करणे, न्याय्य आहे काय, हा क्रीडाविश्वातील जुना वादविषय आहे. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल या खेळात गेल्या काही वर्षांत हा वाद विशेष तीव्र झाला. भारतात याचे ठळक उदाहरण म्हणजे गोव्याच्या धेंपो स्पोर्ट्स क्लबचा आघाडीचा खेळाडू क्रिस्टियानो ज्युनियर याचा २००४ मधील मृत्यू. ग्रामीण महाराष्ट्रात, त्यातही चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या वनजिल्ह्यांत, हाच प्रश्न कबड्डीच्या मैदानावर उभा राहतो.

संकल्पना

हेतुपुरस्सर केलेला प्रहार आणि निव्वळ अपघात ही दोन टोके ओळखणे फारसे अवघड नसते. अडचण असते ती मधल्या प्रदेशाची. खेळाडूचा हेतू वाईट नव्हता, परंतु त्याने पुरेशी काळजीही घेतली नाही, अशा कृतीस निष्काळजीपणा म्हणतात. धडक निष्काळजीपणाची की अपघाती, हे ठरविताना दोन गोष्टी पाहिल्या जातात: खेळाडूपुढे दुसरा पर्याय होता काय, आणि तो निवडण्याइतका वेळ त्याला होता काय. धावत्या खेळात हा वेळ बहुधा सेकंदाच्या अंशाइतका असतो. निर्णय देणारे मात्र तोच क्षण चित्रफितीवर संथ गतीने पुनःपुन्हा पाहू शकतात. त्यामुळे खेळाडूला प्रत्यक्षात होता त्यापेक्षा अधिक अवधी होता, असा भास होण्याचा धोका असतो.

फुटबॉलच्या नियमावलीतील बाराव्या नियमाने हा प्रश्न बराचसा सोपा करून टाकला आहे. त्यात प्रतिस्पर्ध्यावरील आघाताच्या तीन पायऱ्या मानल्या आहेत. कृती केवळ निष्काळजी असेल तर फ्री किक दिली जाते, कार्ड नाही. ती बेदरकार असेल तर पिवळे कार्ड आणि अवाजवी बळाची असेल तर लाल कार्ड दाखविले जाते. पंचाने खेळाडूच्या मनात डोकवायचे नाही, कृती पाहायची, असा याचा अर्थ. समोरच्यास किती लागले, हाही या तीन पायऱ्यांचा निकष नाही. परंतु दुखापत फार गंभीर असली, की नियमाची ही शिस्त टिकविणे कठीण जाते.

क्रिस्टियानो ज्युनियर प्रकरण (२००४)

क्रिस्टियानो सेबास्तियाओ दी लिमा ज्युनियर हा १९७९ मध्ये जन्मलेला ब्राझीलचा खेळाडू. कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबकडून खेळून तो २००४ मध्ये गोव्याच्या धेंपो क्लबमध्ये आला. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरच्या कंठीरवा मैदानावर धेंपो आणि मोहन बागान यांच्यात फेडरेशन चषकाचा अंतिम सामना झाला. पहिला गोल ज्युनियरने केला होता. उत्तरार्धात दुसऱ्या गोलसाठी तो चेंडू घेऊन धावला. मोहन बागानचा गोलरक्षक सुब्रत पाल त्याला अडविण्यास पुढे आला. ज्युनियरने चेंडू जाळ्यात धाडला आणि त्याच क्षणी दोघांची टक्कर झाली. ज्युनियर कोसळला तो पुन्हा उठला नाही. मैदानावर सहकाऱ्यांनी त्याला शुद्धीवर आणण्याची धडपड केली. रुग्णालयात नेल्यावर तो मृत घोषित झाला. त्याचे वय २५ वर्षे होते. धेंपोने तो सामना २-० असा जिंकला. दोन्ही गोल त्याचेच होते.

शवविच्छेदनात मृत्यूचे कारण हृदयक्रिया बंद पडणे हे नोंदले गेले. मैदानावरील वैद्यकीय व्यवस्थेच्या अपुरेपणावर देशभर टीका झाली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने सुब्रत पालवर दोन महिन्यांच्या निलंबनाची कारवाई केली. पाल त्या वेळी जेमतेम अठरा वर्षांचा होता.

ही शिक्षा दोन्ही बाजूंनी सदोष ठरविता येते, म्हणूनच ती अभ्यासण्याजोगी आहे. पालने जाणूनबुजून घातक आघात केला असे मानले, तर एका तरुणाच्या मृत्यूपुढे दोन महिने काहीच नव्हेत. तो चेंडूसाठीच पुढे आला होता आणि टक्कर ओघाने झाली असे मानले, तर दोन महिनेही अधिकच होतात. कारण अशी टक्कर गोलपुढे नेहमीच होते आणि बहुतेक वेळा दोन्ही खेळाडू कपडे झटकून उठतात. ज्युनियर उठला असता तर चौकशी झाली असती काय, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. शिक्षेचे माप कृतीवरून निघाले की परिणामावरून, याचे स्पष्ट उत्तर या प्रकरणातून मिळत नाही.

धेंपोने ज्युनियरच्या स्मरणार्थ १० क्रमांकाची जर्सी निवृत्त केली आणि त्याच हंगामात, २००४-०५ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. सुब्रत पाल पुढे भारताचा प्रमुख गोलरक्षक झाला. २००९ च्या नेहरू चषकाच्या अंतिम सामन्यात सीरियाविरुद्ध आणि २०११ च्या आशियाई चषकात त्याने केलेली कामगिरी नावाजली गेली. २०१६ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल

लंबवर्तुळाकार मैदानावर प्रत्येकी १८ खेळाडूंच्या दोन संघांत खेळला जाणारा हा खेळ मुख्यतः ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण व पश्चिम भागांत लोकप्रिय आहे. त्याची सर्वोच्च स्पर्धा ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग ही होय. यात चेंडू हाती घेऊन धावता येते आणि चेंडू जवळ असताना प्रतिस्पर्ध्यास खांद्याने धडक देणे, ज्यास तेथे बम्प म्हणतात, हे नियमबाह्य नाही. खांद्याचा आघात डोक्यावर झाला, की तंटा सुरू होतो.

सामन्यानंतर लीगचा परीक्षण अधिकारी घटनांच्या चित्रफिती पाहून आरोप निश्चित करतो. आरोपाचे मापन तीन अंगांनी होते: कृती हेतुपुरस्सर की निष्काळजी, आघाताची तीव्रता कमी, मध्यम, अधिक की अतितीव्र, आणि आघात डोक्यावर झाला की अंगावर. या तिन्हींच्या मेळातून किती सामन्यांची शिक्षा हे कोष्टकावरून ठरते. कृती निष्काळजी, आघात डोक्यावर आणि तीव्रता अतितीव्र असेल तर किमान तीन सामने. खेळाडू न्यायाधिकरणाकडे आणि त्यानंतर अपील मंडळाकडे दाद मागू शकतो. तीव्रता ठरविताना समोरच्यास प्रत्यक्ष काय झाले, याचा विचार होतो; म्हणजे सारखीच दोन कृत्ये, पण एकात प्रतिस्पर्धी बेशुद्ध पडला आणि दुसऱ्यात नाही, तर शिक्षा वेगळी होऊ शकते. टीकाकारांचा मुख्य आक्षेप येथेच आहे. संभाव्य दुखापतीचाही विचार करण्याची तरतूद नियमात असली, तरी प्रत्यक्ष दुखापतीचे पारडे सहसा जड राहते.

२०२२ मध्ये कार्लटन संघाचा कर्णधार पॅट्रिक क्रिप्स याची ब्रिस्बेनच्या कॅलम आह ची याच्याशी उंच चेंडू घेताना धडक झाली. क्रिप्सला दोन सामन्यांचे निलंबन मिळाले, न्यायाधिकरणाने ते कायम ठेवले. पण अपील मंडळाने कायद्याच्या चुकीच्या आधारे ते रद्द केले. निलंबित खेळाडूस त्या हंगामातील ब्राउनलो पदक मिळू शकत नाही. क्रिप्सने त्या वर्षी हे पदक २९ मते मिळवून, अवघ्या एका मताच्या आघाडीने जिंकले. आह ची डोक्याच्या दुखापतीमुळे मैदानाबाहेर गेला होता, याची आठवण तेव्हा अनेकांनी करून दिली.

पुढच्याच वर्षी याहून मोठा वाद झाला. ७ सप्टेंबर २०२३ रोजी मेलबर्न क्रिकेट मैदानावरील बाद फेरीच्या सामन्यात कॉलिंगवूडचा ब्रेडन मेनार्ड हा मेलबर्न संघाच्या अँगस ब्रेशॉची किक अडविण्यासाठी हवेत झेपावला. किक मारलेला चेंडू असा अंगाने वा हातांनी अडविण्यास स्मदर म्हणतात आणि तो खेळाचा प्रशंसनीय भाग मानला जातो. चेंडू हुकला, मेनार्डचा खांदा ब्रेशॉच्या डोक्यावर आदळला आणि ब्रेशॉ बेशुद्ध पडला. न्यायाधिकरणापुढे देहगतिशास्त्राच्या तज्ज्ञाची साक्ष झाली: हवेत झेपावल्यावर दिशा बदलण्यास माणसाला किती वाव असतो, हा मुद्दा होता. मेनार्ड निर्दोष सुटला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्याचा संघ विजेता ठरला. ब्रेशॉने फेब्रुवारी २०२४ मध्ये वैद्यकीय सल्ल्यावरून निवृत्ती पत्करली. त्याला यापूर्वीही डोक्याच्या दुखापती झाल्या होत्या. लीगने २०२४ च्या हंगामासाठी मार्गदर्शक तत्त्वे बदलली. स्मदरसाठी जमीन सोडणाऱ्या खेळाडूकडून डोक्यास आघात झाल्यास तो निष्काळजी मानला जाईल. धडक टाळण्याचे वा सौम्य करण्याचे सर्व वाजवी उपाय केले असल्यास मात्र अपवाद. मेनार्ड सुटला त्याच कृतीबद्दल पुढचा खेळाडू दोषी ठरू शकेल, असा याचा परिणाम झाला. नियम पूर्वलक्षी नव्हता, इतपत तो न्याय्य म्हणता येईल.

२०२५ मधील दोन प्रकरणे एकमेकांशेजारी ठेवून वाचावीत अशी आहेत. फ्रीमँटलचा कर्णधार अलेक्स पिअर्स आणि मेलबर्नचा स्टीव्हन मे हे दोघेही चेंडूकडे धावत असताना प्रतिस्पर्ध्यावर आदळले आणि दोघांनाही तीन सामन्यांची शिक्षा सुचविण्यात आली. पिअर्सची शिक्षा न्यायाधिकरणाने रद्द केली, मेची कायम ठेवली. फरक धरला गेला तो चेंडूला आधी पोचण्याच्या वाजवी अपेक्षेचा. चेंडू आपल्या आवाक्यात आहे असे मानून धावणे पिअर्सच्या बाबतीत वाजवी ठरले; मेला मात्र प्रतिस्पर्धी आधी पोचणार हे ओळखून वेग आवरता आला असता, असे मत पडले. प्रेक्षकांना हा भेद पटणे अवघड गेले.

कठोरतेमागील कारणे

या कठोरतेमागे मेंदूविकाराची भीती आहे. डोक्यावर वारंवार आघात झाल्याने मेंदूची दीर्घकालीन हानी होते, या विकारास क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. त्याचे निश्चित निदान मृत्यूनंतर मेंदूच्या तपासणीतूनच होते. ग्रॅहम फार्मर, डॅनी फ्रॉली आणि शेन टक या माजी ऑस्ट्रेलियन खेळाडूंच्या मेंदूत तो आढळला; २०२३ मध्ये हेदर अँडरसन या महिला खेळाडूच्या बाबतीतही तसे निदान झाले. त्याच वर्षी माजी खेळाडूंनी लीगविरुद्ध व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयात सामूहिक दावा दाखल केला.

त्यामुळे कठोर शिक्षेच्या समर्थकांचा युक्तिवाद वेगळ्या पायावर उभा आहे. त्यांच्या मते निलंबन हा केवळ दोषाचा दंड नसून खेळण्याची पद्धत बदलण्याचे साधन आहे. अपघात म्हणून सोडून दिले, तर पुढचा खेळाडूही तसाच धावेल. विरोधकांचे म्हणणे असे, की ज्याला दुसरा पर्यायच नव्हता त्याला शिक्षा देऊन कोणाची पद्धत बदलणार? शिवाय खेळाचे नियम करणारे स्वतः वेगवान, टकरींचा खेळ विकतात आणि टक्कर झाली की भार एका खेळाडूवर टाकतात, हाही आक्षेप वजनदार आहे. समर्थकांचा युक्तिवाद निष्काळजीपणाला लागू पडतो. तो निव्वळ अपघातापर्यंत ताणला, की त्याचा पाया सुटतो.

भारतीय कायद्यातील स्थान

क्रीडा संघटनेची शिक्षा आणि फौजदारी दोष या भिन्न गोष्टी आहेत. भारतीय दंड संहितेच्या कलम ८० नुसार कायदेशीर कृत्य योग्य काळजी घेऊन करताना झालेला अपघात गुन्हा नव्हता. कलम ८७ संमतीविषयी होते आणि त्याखालील उदाहरण खेळाचेच होते: दोघे मनोरंजनासाठी तलवारबाजी करण्याचे ठरवितात, तेव्हा नियमानुसार खेळताना होणारी इजा सोसण्यास त्यांची संमती गृहीत धरली जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत या तरतुदी अनुक्रमे कलम १८ व २५ मध्ये आहेत. नियमभंग करून केलेल्या आघातास ही संमती पुरत नाही.

कबड्डी आणि विदर्भातील ग्रामीण मैदाने

कबड्डीत अंगाला अंग भिडणे हाच खेळ आहे. चढाई करणाऱ्यास खांद्याने वा छातीने धडक देऊन रेषेबाहेर घालविणे, ज्यास डॅश म्हणतात, हे बचावाचे मान्य कौशल्य आहे. मात्र चढाई करणाऱ्याचे तोंड दाबणे, गळा आवळणे, पायांची कैची घालणे आणि इजा होईल अशी हिंसक पकड करणे नियमबाह्य आहे. शिक्षेसाठी तीन कार्डे आहेत. हिरवे कार्ड ताकीद देते, पिवळ्याने खेळाडू दोन मिनिटे बाहेर बसतो आणि लाल कार्डाने उर्वरित सामन्यास मुकतो. ही दोन मिनिटांची शिक्षा अपघातसदृश कृतीसाठी सोयीची आहे. खेळाडूवर कायमचा ठपका न ठेवता संघास त्याची किंमत लगेच मोजावी लागते.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात पीक निघाल्यावर, झाडीपट्टीची नाटके आणि शंकरपट यांच्याच हंगामात, गावोगावी कबड्डीचे सामने भरतात. तेथे मॅट क्वचितच असते. मैदान मातीचे, सामने पुष्कळदा रात्री दिव्यांखाली. चित्रफीत, न्यायाधिकरण, अपील यांपैकी काहीही नसते. पंच बहुधा गावातील शिक्षक किंवा जुना खेळाडू असतो आणि त्याचा शब्द अखेरचा. त्याला संथ गतीचे दृश्य दिसत नाही, ही उणीव खरी. पण खेळाडूला जेवढा वेळ मिळाला तेवढ्याच वेळात तोही पाहतो. अशा सामन्यांत दुखापतीचे गांभीर्य अंतराने वाढते. भामरागड वा सिरोंचा तालुक्यातून गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय शंभर किलोमीटरहून दूर आहे. त्यामुळे पकडीत मान वा डोके अडकले, की हेतू काय होता याची चर्चा होण्यापूर्वीच अनुभवी पंच शिट्टी वाजवून पकड सोडवितो.