हवेतलं गायरान

घरातलं इंटरनेट रखडलं की आपण आधी कंपनीला नावं ठेवतो आणि मग राउटर बंद करून परत चालू करतो. पण तो डबा ज्या हवेतून बोलतो, ती हवा आपल्याला फुकट कशी मिळाली? उभा जन्म इतिहास शिकवण्यात गेला, त्यामुळे ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

सुरुवात चक्क स्वयंपाकघरातून होते. १९४५ साली अमेरिकेत पर्सी स्पेन्सर या अभियंत्याच्या लक्षात आलं, की रडारच्या लहरींनी पदार्थ गरम होतात. त्यातून मायक्रोवेव्ह ओव्हन आला. अशा यंत्रांमुळे रेडिओ-संदेशांत खरखर होणार, म्हणून १९४७ च्या अटलांटिक सिटी परिषदेत त्यांच्यासाठी काही पट्टे वेगळे काढून दिले गेले. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा त्यातलाच. पिकाला निरुपयोगी जमीन गावात गायरान म्हणून सोडून देतात ना, तसाच प्रकार!

मे १९८५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने हे गायरान सगळ्यांना खुलं केलं. मायकेल मार्कस या अभियंत्याने त्यासाठी बरीच खटपट केली होती. परवाना नको, फी नको. अटी एवढ्याच, की शक्ती कमी ठेवायची, दुसऱ्याला उपद्रव द्यायचा नाही आणि दुसऱ्याचा झाला तर कुरकुर करायची नाही.

पहिला फायदा उठवला दुकानातली गल्ल्याची यंत्रं करणाऱ्या एनसीआर कंपनीने. तिला ही यंत्रं बिनतारी जोडायची होती. तिच्या नेदरलँड्समधल्या व्हिक हेस यांनी १९९० पासून दहा वर्षं एका समितीचं अध्यक्षपद सांभाळलं आणि भांडणाऱ्या कंपन्यांना एका नियमावर आणलं. १९९७ च्या पहिल्या नियमात वेग होता सेकंदाला २ मेगाबिट. १९९९ मध्ये तो ११ झाला आणि ‘वाय-फाय’ हे नावही त्याच वर्षी मिळालं.

पण बंद खोलीत लहरी भिंतींवर आपटून उशिरा परततात आणि संदेशात घोळ होतो, रिकाम्या वर्गात आवाज घुमतो तसा. यावरचा एक महत्त्वाचा उपाय ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संस्थेत जॉन ओ'सुलिव्हन आणि सहकाऱ्यांनी काढला. हेच गृहस्थ पूर्वी कृष्णविवरांचे क्षीण रेडिओ-संकेत शोधत होते. ते सापडले नाहीत, पण ते गणित इथे कामी आलं.

आता आपल्याकडे येऊ. १९३३ च्या बिनतारी कायद्याने घरात साधा रेडिओ ठेवायलाही परवाना लागायचा. माझे वडील दरवर्षी पोस्टात जाऊन त्याची फी भरायचे, हे मला लख्ख आठवतं. त्याच देशात २००५ साली २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला आणि २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा मोठा भागही. माझ्या मते हा लहानसहान बदल नव्हे. एरवी सरकार ज्या लहरींचे लिलाव करतं, त्यातला हा तुकडा तुमच्या-माझ्यासाठी राखला गेला.

पण गायरानात गुरं वाढली की चारा कमी पडतोच. गेल्या वर्षी आमच्या इमारतीत यावरून खरंच वाजलं. खालच्या मजल्यावरच्या आजोबांना परदेशातल्या मुलीचा चेहरा संध्याकाळी धड दिसेना. वरच्या बिऱ्हाडातली मुलं आपलं इंटरनेट चोरतात, असा त्यांनी समज करून घेतला. बोलणं बंद झालं. प्रत्यक्षात चोरी कुणीच करत नव्हतं. राउटर बोलण्याआधी कानोसा घेतो, दुसरा बोलत असला तर थांबतो. हवाईत १९७१ साली नॉर्मन अब्रॅमसन यांनी बेटांवरचे संगणक रेडिओने जोडले, तेव्हापासून ‘एका हवेत अनेकांनी कसं बोलायचं’ हाच प्रश्न आहे. वर्गात चाळीस पोरं असली की प्रत्येकाची पाळी उशिरा येणारच!

मग माझ्या नातवाने फोनवरच्या एका ॲपने पाहिलं. इमारतीतले बहुतेक राउटर एकाच चॅनेलवर गर्दी करून बसले होते. २.४ मध्ये १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांच्या पायात येत नाहीत. शेजाऱ्यांनी ते आपसांत वाटून घेतले. जवळची उपकरणं ५ गिगाहर्ट्झवर नेली. तिथे जागा ऐसपैस आणि वेग जास्त, फक्त भिंती ओलांडताना दम लागतो. आजोबांचा राउटर चपलांच्या लोखंडी कपाटामागून काढून घराच्या मध्यावर, उंच फळीवर ठेवला. धातू लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषतं, म्हणून माशांची टाकीही जवळ नको.

आता आजोबांना लेक नीट दिसते आणि वरची मुलं जिन्यात भेटली की ते त्यांच्याशी बोलतातही. अर्थात, बाहेरून येणाऱ्या तारेतच वेग नसेल तर राउटर काय करणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! म्हणून आधी राउटरला तार जोडून वेग मोजा. तो ठीक असेल, तर नवा डबा आणण्यापूर्वी एकदा शेजारचं दार वाजवा.