महाविद्यालयातील अध्यापनाचा दर्जा : तुमचा सहभाग आणि तक्रारीचा मार्ग

तुम्हाला शिष्यवृत्ती किंवा शुल्कमाफी मिळत असली, तरी वर्गात नीट शिकवले जाण्याचा तुमचा हक्क इतर विद्यार्थ्यांइतकाच आहे. म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधील महाविद्यालये आणि जवळच्या मानसगंगोत्री येथील म्हैसूर विद्यापीठ (स्थापना १९१६) येथे शिकणाऱ्यांसाठी ही माहिती उपयुक्त आहे.

गुणवत्ता व्यवस्थापन म्हणजे काय?
अध्यापनाचे नियोजन करणे, त्यानुसार शिकवणे, विद्यार्थ्यांना किती समजले ते तपासणे आणि उणीव दिसल्यास सुधारणा करणे. उदा. अंतर्गत परीक्षेत निम्म्या वर्गाला एकच घटक जमला नाही, तर तो पुन्हा शिकवणे व पुढील वर्षी त्यासाठी जादा तासिका ठेवणे.

हे काम कोण पाहते?
राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद (नॅक, स्थापना १९९४, मुख्यालय बेंगळुरू) संस्थांचे मूल्यांकन करते. संस्थेतील अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष वर्षभर पाठपुरावा करतो. या कक्षावर विद्यार्थी प्रतिनिधीही असतो.

तुम्ही काय करू शकता?
• सत्र संपताना दिला जाणारा अभिप्राय अर्ज मनापासून भरा. 'सर्व छान' असे लिहून सुधारणा होत नाही. 'शेवटचे दोन घटक शिकवलेच नाहीत' असे नेमके लिहा.
• नॅकने २०१७ मध्ये आणलेल्या पद्धतीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचा समावेश झाला. त्यात अभ्यासक्रम वर्गात किती पूर्ण झाला, हेही विचारले जाते. असे सर्वेक्षण आल्यास स्वतः उत्तर द्या. त्यासाठी संस्थेकडे तुमचा चालू ईमेल नोंदवलेला असावा.

सुधारणा न झाल्यास
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार, प्रवेशाच्या वेळी सांगितलेल्या दर्जाचे शिक्षण न मिळणे आणि शिष्यवृत्ती देण्यास विलंब होणे, ही दोन्ही तक्रारीची कारणे आहेत.
१. संस्थेच्या ऑनलाइन पोर्टलवर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे तक्रार करा.
२. समितीने शक्यतो १५ कार्यदिवसांत अहवाल द्यावा आणि त्याची प्रत तुम्हाला द्यावी.
३. निर्णय मान्य नसल्यास तो मिळाल्यापासून १५ दिवसांत लोकपालांकडे अपील करा. अपील ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न लोकपालांनी करायचा असतो.

लक्षात ठेवा
विषय, तारखा आणि न झालेल्या तासिकांची नोंद वहीत ठेवा. तक्रारीची प्रत जपून ठेवा. खोटी तक्रार केल्यास कारवाईची शिफारस होऊ शकते, म्हणून घडले तेवढेच लिहा.