मस्टँग : हार्डटॉप व फास्टबॅक

अमेरिकेच्या फोर्ड कंपनीने १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांपुढे आणलेल्या, लांब बॉनेट व आखूड पार्श्वभाग असलेल्या दोन दारी मोटारीच्या या दोन बंद आकृती होत. मस्टँग म्हणजे पश्चिम अमेरिकेच्या माळांवरील मोकाट घोडा. आणि जेथे पूर्वी घोडे बदलले जात म्हणून बदलापूर हे नाव पडले अशी आख्यायिका आहे, त्या उल्हासकाठच्या मुलखातील वाचकाला मोटारीस घोड्याचे नाव दिलेले पाहून नवल वाटू नये. हार्डटॉप आरंभापासूनची; फास्टबॅक त्याच वर्षाच्या उत्तरार्धात दाखल झाली.

दोहोंच्या चाकांतील अंतर १०८ इंच, आणि यंत्रसामग्री बव्हंशी फोर्डच्याच ‘फाल्कन’ या किफायतशीर मोटारीतून घेतलेली. भेद पडतो तो छपराच्या मागील भागात. हार्डटॉपचे छप्पर मागील आसनापाशी उभे उतरून थांबते, पुढे डिकी स्वतंत्र सुरू होते, आणि दाराची व तिच्यामागची काच खाली घेतली की मध्ये खांब नसल्याने सबंध बाजू मोकळी होते. फास्टबॅकचे छप्पर घाटाच्या उतरणीसारखे डिकीकडे ओघळत जाते (१९६७ पासून ते थेट शेपटीपर्यंत पोचले), बाजूच्या मागील काचेच्या जागी हवा खेळण्यासाठी फटी येतात, आणि मागील आसनाची पाठ आडवी पाडून लांबट सामान ठेवण्याची तजवीज होते. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत साच्याखाली पत्रा दाबणाऱ्या कारागिराला यातील मर्म तत्काळ उमगेल : छप्पर, मागील बाजूचे पत्रे व डिकीचे झाकण एवढ्यांचेच साचे मुख्यतः बदलले, की त्याच सांगाड्यावर दुसरी मोटार उभी राहते.

कीर्ती मात्र समान वाटली गेली नाही. कॅरोल शेल्बी यांनी १९६५ मध्ये शर्यतीसाठी जीटी ३५० सिद्ध केली ती फास्टबॅकचे मागील आसन काढून. ‘बुलिट’ (१९६८) या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर पिटाळली तीही हिरवी फास्टबॅकच. परंतु १९६६ च्या नमुन्याचा तपशील पाहिला तर ४,९९,७५१ हार्डटॉपच्या समोर फास्टबॅक अवघ्या ३५,६९८ निघाल्या. तरुण नोकरदाराच्या ऐपतीत ऐटदार मोटार आणण्याचे श्रेय, आमच्या मते, सुमारे दोनशे डॉलरांनी स्वस्त असलेल्या हार्डटॉपचेच आहे. दंतकथेच्या भरात ते तिच्याकडून हिरावले जाते, ही खेदाची गोष्ट होय.

मुंबईत मोटारींची जुळणी करणाऱ्या फोर्डने १९५३-५४ च्या सुमारास, केवळ जुळणीस प्रतिकूल ठरलेल्या सरकारी धोरणामुळे, येथील काम आवरते घेतले होते, त्यामुळे मस्टँगच्या त्या बहराच्या वर्षांत तिला या बाजारात रीतसर प्रवेश नव्हता. तो २०१६ मध्ये मिळाला, उजव्या हाताच्या सुकाणूसह, परंतु केवळ उतरत्या छपराच्या आकृतीला. हार्डटॉप फोर्डच्या भारतीय विक्रीयादीत कधीच आली नाही.