नरक्या : सह्याद्रीतले झाड आणि कर्करोगावरचे औषध

१/ साताऱ्यातील पाटण-जावळीच्या रानांपासून सांगलीतील चांदोलीपर्यंत 'नरक्या' नावाचे लहानखुरे झाड आढळते. त्याच्या फुलांना दुर्गंधी येते, म्हणून हे नाव. काही भागांत मात्र त्यालाच 'अमृता' म्हणतात. ही दोन्ही नावे किती खरी आहेत, हे एका औषधाच्या इतिहासातून उमगते.

२/ जॉन ग्रॅहम यांनी मुंबई परिसरातील वनस्पतींची सूची सिद्ध केली. १८३९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि जोसेफ निम्मो यांनी ती पूर्ण केली. याच निम्मोंचे नाव आजही नरक्याच्या शास्त्रीय नावात आहे : नोथापोडायटीस निम्मोनियाना.

३/ १९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी 'कॅम्पटोथेका' या मूळच्या चिनी वृक्षापासून कर्करोगाच्या पेशी मारणारे कॅम्पटोथेसिन वेगळे केले. वाणी यांचा जन्म आपल्या नंदुरबारचा.

४/ १९७२ मध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी तेच द्रव्य नरक्यात असल्याचे दाखवले. गोविंदाचारी त्या काळी मुंबईत गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्राचे संचालक होते. दुर्लक्षित झाडाला एकाएकी मोल आले.

५/ पण रुग्णांवरील पहिल्या चाचण्या फसल्या. कॅम्पटोथेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याचा सोडियम क्षार दिला गेला. रुग्णांच्या रक्तपेशी घटल्या, जुलाब लागले, लघवीतून रक्त जाऊ लागले. १९७०च्या दशकाच्या आरंभीच त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या.

६/ कारण पुढे उलगडले. क्षार करताना रेणूतील एक कडे उघडते आणि औषधाचा गुण बहुतांशी जातो. मूत्राच्या आम्लतेत तेच कडे पुन्हा मिटते आणि मूत्राशय होरपळतो. कर्करोगापर्यंत गुण पोहोचत नव्हता. विष मात्र पोहोचत होते.

७/ १९८५ मध्ये औषधाचे लक्ष्य सापडले : टोपोआयसोमरेज-१ हे विकर. डीएनएचा पीळ सोडवण्यासाठी ते त्याचा एक धागा कापते आणि पुन्हा जोडते. कॅम्पटोथेसिन ही जोडणी अडवते. मग विभागू पाहणारी पेशी मरते. अस्थिमज्जा आणि आतड्यांच्या पेशीही वेगाने विभागतात, म्हणून त्यांनाही झळ बसते.

८/ त्याच मूळ रेणूत फेरफार करून पाण्यात विरघळणारी दोन औषधे घडली. जपानच्या याकुल्ट कंपनीचे इरिनोटेकान १९९४ मध्ये जपानमध्ये मान्य झाले. १९९६ मध्ये अमेरिकेने ते मोठ्या आतड्याच्या, तर टोपोटेकान अंडाशयाच्या कर्करोगासाठी मान्य केले.

९/ तरी धोका संपला नाही. इरिनोटेकाननंतर पहिल्या २४ तासांत होणाऱ्या जुलाबांवर अ‍ॅट्रोपिन देतात; नंतरच्या जुलाबांवर लोपेरामाइड. काहींच्या यकृतात हे औषध निष्प्रभ करणारे विकर जन्मतःच कमी असते. त्यांच्यासाठी मात्रा घटवण्याचा इशारा २००५ मध्ये अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकात आला. म्हणूनच नरक्याचा काढा वा भुकटी म्हणजे औषध नव्हे. ते मात्रा न ठरवलेले विष होय.

१०/ इकडे औषध मान्य झाले आणि सह्याद्रीत कुऱ्हाड चालली. नरक्याच्या लाकडात कॅम्पटोथेसिन सुमारे ०.१ टक्का, म्हणजे एका किलोसाठी टनभर लाकूड, तेही काहीच वाया गेले नाही तर. निर्यातीच्या मागणीमुळे झाडे मुळासकट निघाली.

११/ समुद्रातही हाच पेच होता. ट्रॅबेक्टेडिन हे औषध एका सागरी जीवातून मिळाले. एका ग्रॅमसाठी सुमारे टनभर जीव लागत. अखेर जिवाणूंनी बनवलेल्या द्रव्यापासून ते घडवण्याची रीत सापडली आणि समुद्र उपसणे टळले. नरक्यातही कॅम्पटोथेसिन बनवणारी एक बुरशी २००५ मध्ये जम्मूच्या संशोधकांनी वेगळी केली. पण प्रयोगशाळेतले यश म्हणजे कारखान्यातले उत्पादन नव्हे.

१२/ रुग्णाला किती द्यावे, हे ठरायला जवळजवळ ४० वर्षे लागली. कोयना-चांदोलीच्या रानातून किती घ्यावे, हेही तितक्याच काटेकोरपणे ठरायला हवे. ते ठरेपर्यंत झाड उरले पाहिजे.