ठेवणें सोपें, काढणें कठीण

एखादी वस्तु जपून ठेवणें ही एक कला आहे, आणि हवी त्या क्षणीं ती हातीं येणें ही दुसरी. या दोन कला म्हणजे एकच, असें मनुष्य सहसा धरून चालतो आणि नड येते तेव्हां त्याची फसगत होते. संगणकावर चालणाऱ्या पेढ्या, कारखाने, रुग्णालयें आणि सरकारी कचेऱ्या यांनीं आपली माहिती राखण्यासाठीं गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत जी व्यवस्था उभारली, तिचा इतिहास हा या दोन कलांमधील अंतराचाच इतिहास आहे. मूळ माहिती नष्ट झाल्यास उपयोगी पडावी म्हणून तिची जी दुसरी प्रत वेगळी ठेवितात, तिला बॅकअप म्हणतात. मराठींत तिला राखीव प्रत म्हणतां येईल. ही प्रत करण्याचें काम रोज रात्रीं निमूटपणें चालूं असतें. ती मूळ जागीं परत आणण्याचा प्रसंग मात्र क्वचित् येतो. आणि येतो तेव्हां पुष्कळदां असें आढळतें, कीं एका रात्रींत ठेवलेली माहिती परत यावयास दोन-दोन दिवस लागत आहेत. असें कां व्हावें?

या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर चुंबकीय फितीपर्यंत मागें जावें लागतें. १९५१ सालीं अमेरिकेच्या जनगणना खात्यानें युनिव्हॅक नांवाचा संगणक घेतला. त्याची माहिती अर्धा इंच रुंदीच्या धातूच्या फितीवर चुंबकीय खुणांच्या रूपानें लिहिली जाई. पुढच्याच वर्षीं आय.बी.एम. कंपनीनें ७२६ क्रमांकाचें फीतयंत्र पुढें आणलें. त्याची फीत प्लॅस्टिकची असून ती सेकंदाला ७५ इंच धांवे. दर इंचावर १०० अक्षरें मावत. म्हणजे सेकंदाला साडेसात हजार अक्षरें वाचलीं जात. त्यांतील खरी युक्ति निराळीच होती. जड चाकावरून उतरणारी फीत, हवा शोषून घेतलेल्या एका उभ्या पोकळींत थोडी सैल ठेवलेली असे. त्यामुळें चाक थांबण्याची वाट न पाहतां फीत क्षणार्धांत थांबे आणि क्षणार्धांत धांवूं लागे.

फीत स्वस्त होती, कपाटांत ठेवितां येत होती, दुसऱ्या गांवीं पाठवितां येत होती. परंतु तिचा एक स्वभाव कधींच बदलला नाहीं. पुस्तकाचें हवें तें पान उघडतां येतें. जन्मपत्रिकेच्या गुंडाळीच्या तळाशीं काय लिहिलें आहे तें पाहावयाचें तर सारी गुंडाळी उलगडावी लागते. फीत ही अशी गुंडाळी आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लिहीत जाण्यास ती उत्तम; मधलें एकच पान काढण्यास ती नाखूष.

१९८० नंतरच्या काळांत फीतयंत्रें स्वस्त करण्यासाठीं त्या हवेच्या पोकळ्या काढून टाकण्यांत आल्या. नव्या यंत्राला माहितीचा अखंड ओघ हवा असे. ओघ खंडला कीं फीत पुढें निघून जाई. मग थांबावें, मागें यावें आणि पुन्हां धांव घ्यावी लागे. जोडे पुसणाऱ्याच्या हातांतील फडक्याप्रमाणें फीत मागें-पुढें सरकते म्हणून तंत्रज्ञांनीं या दोषाला जोडेपुशीचेंच नांव दिलें. वेळ तर रात्रीपुरताच असे; सकाळीं कचेरी उघडण्यापूर्वीं सर्व प्रति तयार व्हावयास हव्यात. तेव्हां अशी तोड निघाली, कीं दहा-पांच संगणकांची माहिती एकाच वेळीं घ्यावी आणि वेणींतील पेडांसारखी गुंफून एकाच फितीवर लिहावी. फितीला ओघ मिळाला आणि रात्र पुरली. परंतु त्यांतील एकच संगणक बिघडला आणि त्याची माहिती परत हवी झाली, तर यंत्राला इतर नऊ संगणकांची माहितीही वाचून ओलांडावी लागे. प्रत करतांना वांचविलेला वेळ परत काढतांना व्याजासह फेडावा लागला.

दुसरी काटकसर अशीच. आठवड्यांतून एकदां संपूर्ण प्रत करावी आणि इतर दिवशीं फक्त बदललेला भाग ठेवावा, ही पद्धति सर्वत्र रूढ झाली. तिनें रोजचें काम हलकें केलें. पण शुक्रवारीं घात झाला तर रविवारची पूर्ण प्रत, आणि तिच्यावर सोमवारपासूनचा एकेक तुकडा, असा सारा जिना ओळीनें चढावा लागतो. त्यांतील एक पायरी निखळली तर वरच्या पायऱ्या निरुपयोगी.

फितीचा आकार आणि तिची गति यांची शर्यतही या संदर्भांत पाहण्यासारखी आहे. २००० सालीं एल.टी.ओ. जातीच्या फितीची पहिली पिढी बाजारांत आली. तिच्यांत १०० गिगाबाइट माहिती मावे आणि सेकंदाला २० मेगाबाइट वाचली जाई. म्हणजे संपूर्ण फीत दीड तासाच्या आंत वाचून होई. २०२१ सालीं आलेल्या नवव्या पिढींत १८ टेराबाइट मावतात आणि वेग सेकंदाला ४०० मेगाबाइट आहे. पोट १८० पट वाढलें, पाय २० पटच वाढले. हिशेब केला तर संपूर्ण फीत वाचावयास साडेबारा तास लागतात. आणि ती माहिती सेकंदाला एक गिगाबिट वाहणाऱ्या तारेंतून न्यावयाची असेल, तर तोच प्रवास चाळीस तासांचा होतो. येथें कोणाचेंच यंत्र बिघडलेलें नाहीं. रस्ताच अरुंद आहे.

पुढें फितीच्या जागीं चुंबकीय तबकड्या आल्या, तेव्हां ही अडचण मिटली असें अनेकांना वाटलें. तबकडीवर हवी ती जागा चटकन् गांठतां येते. परंतु तबकडी महाग. म्हणून २००० नंतरच्या दशकांत नवी काटकसर निघाली. दहा प्रतींत एकच मजकूर दहादां येत असेल तर तो एकदांच ठेवावा आणि बाकी नऊ ठिकाणीं केवळ त्याचा पत्ता लिहावा. या युक्तीनें जागेची बचत प्रचंड झाली. पण नव्या प्रतीचे तुकडे अनेक जुन्या प्रतींत विखुरले गेले. २०१३ सालीं मार्क लिलिब्रिज, कावे एशघी आणि दीपावली भागवत या संशोधकांनीं आपल्या निबंधांत दाखवून दिलें, कीं जसजशी ही व्यवस्था जुनी होत जाते, तसतसा सर्वांत ताज्या प्रतीच्या परतीचा वेग कित्येक पटींनीं घसरूं शकतो. आणि नड लागते ती बहुधा ताज्या प्रतीचीच. त्यांनीं सुचविलेल्या उपायांपैकीं एक मोठा मार्मिक आहे: प्रत करतांनाच थोडी काटकसर सोडावी, कांहीं मजकूर पुन्हां लिहावा, म्हणजे परततांना तुकडे फार दूर शोधावे लागत नाहींत.

हा सिद्धान्त प्रत्यक्षांत कसा उतरतो हें दोन प्रसंगांवरून कळतें. पहिला २०१२ च्या मार्च महिन्यांतला. गूगल कंपनीच्या संगीतसेवेंत जुनी माहिती पुसणाऱ्या एका कार्यक्रमांत दोष राहिला, आणि सुमारें २१,००० ग्राहकांच्या सुमारें ६,००,००० गाण्यांचे दुवे पुसले गेले. राखीव प्रति दूरच्या कोठारांत फितींवर होत्या. पांच हजारांहून अधिक फिती मालमोटारींतून आणल्या गेल्या. त्या यंत्रांत भरण्यासाठीं यांत्रिक हात होते. परंतु इतक्या मोठ्या संख्येनें भरावयाच्या तर माणसांनीं हातानें भरणेंच जलद पडतें, हें तेथील लोकांना अनुभवानें ठाऊक होतें. हजारों फिती एकाच वेळीं वाचण्याची आज्ञावली त्यांनीं लिहिली. १७ फिती सदोष निघाल्या, तरी जोडीची पूरक माहिती राखलेली असल्यामुळें कांहीं बुडालें नाहीं. दीड पेटाबाइट माहिती सुमारें एका आठवड्यांत परत आली. अशा संकटाची तालीम त्या संस्थेंत आधींपासून होत असे, हें यशाचें खरें कारण.

दुसरा प्रसंग ३१ जानेवारी २०१७ चा. गिटलॅब ही संस्था जगभरच्या आज्ञावली-लेखकांचें काम सांभाळते. रात्रीं उशीरां एक अभियंता दुय्यम संगणकावरील बिघाड दुरुस्त करीत असतां त्याच्या हातून मुख्य संगणकावरील माहितीकोशच पुसला गेला. चूक ध्यानांत येईपर्यंत सुमारें ३०० गिगाबाइटांपैकीं साडेचार गिगाबाइटच उरले होते. राखीव प्रतींची व्यवस्था कागदावर एक सोडून अनेक होत्या. पाहतां पाहतां कळलें, कीं नित्याची प्रत कित्येक दिवस तयारच होत नव्हती, कारण प्रत करणारें साधन आणि माहितीकोश यांच्या आवृत्त्या जुळत नव्हत्या. आणि अपयशाची सूचना देणारीं पत्रें ओळखीच्या खुणेअभावीं पत्र-संगणकानेंच नाकारलीं होतीं. सुदैवानें सहा तासांपूर्वीं एका अभियंत्यानें चाचणीसाठीं एक प्रत हातानें काढून ठेवली होती. तीच आतां परत आणावयाची. पण चाचणीच्या संगणकाच्या तबकड्या स्वस्त आणि मंद. वेग सेकंदाला ६० मेगाबिटांच्या आसपासच. तारेचा दोष नव्हता, गणकशक्तीचाही नव्हता. अडत होतें तें तबकडीपाशीं. नकल व्हावयास सुमारें १८ तास लागले. लोकांनीं लिहिलेल्या आज्ञावली वांचल्या. परंतु सुमारें ५,००० प्रकल्पांच्या, तितक्याच टिपणांच्या आणि सातशेंच्या आसपास नव्या सभासदांच्या नोंदी कायमच्या गेल्या. संस्थेनें ही सारी हकीगत लपवून न ठेवितां जाहीर केली, हें तिला भूषणावह आहे.

या इतिहासांतून जाणकारांनीं तपासाची एक रीत काढली आहे. परतीचा मार्ग ही एक सांखळी आहे: राखीव प्रतीचें उपकरण, विखुरलेले तुकडे जोडणारा संगणक, मधली तार, आणि शेवटीं जेथें लिहावयाचें तें ठिकाण. सांखळीचा वेग हा तिच्या सर्वांत मंद कडीचा वेग होय. म्हणून प्रत्येक कडी निरनिराळी मोजावी. प्रतीवरील माहिती नुसती वाचावी आणि कोठेंच न लिहितां सोडून द्यावी. ती वेगानें आली तर दोष पुढें आहे. मग तारेवरून नुसता ओघ पाठवून पाहावा. एक मोठी फाइल आणि तेवढ्याच आकाराच्या लाखभर लहान फाइली अलग अलग परत आणून पाहाव्यात. पहिली जलद आणि दुसऱ्या मंद असतील, तर दोष दर फाइल उघडण्या-मिटण्याच्या खर्चांत आहे. येणाऱ्या प्रत्येक फाइलीची झडती घेणारा विषाणुरोधक पहारेकरीही पुष्कळदां वाटेंत उभा असतो. मोजल्यावांचून नवें यंत्र विकत घेणें म्हणजे नाडी न पाहतां औषध देणें होय. बहुधा चांगलीच कडी बदलली जाते आणि मंद कडी तशीच राहते.

तथापि सर्वांत मोठा उपाय संकटाच्या आधींचा आहे. राखीव प्रत झाली, या वाक्याला स्वतःचें मोल फार थोडें. ती अमुक तासांत परत आली, हें वाक्य प्रत्यक्ष करून पाहिल्यावरच उच्चारतां येतें. रुग्णालयाला चार तासांत आपलीं टिपणें परत हवीं असतील, तर चार तासांतच तीं येतात कीं नाहीं हें शांततेच्या दिवशीं घड्याळ लावून पाहिलें पाहिजे. १९५१ पासून आजवर ठेवण्याच्या प्रत्येक युक्तीनें जागा, वेळ किंवा पैसा वांचविला, आणि त्या बचतीचें ओझें परतीच्या खात्यावर टाकलें. तें ओझें किती, याचा हिशेब ज्यांनीं आधींच मांडला त्यांची माहिती आठवड्यांत घरीं आली. ज्यांनीं मांडला नाहीं, त्यांना तो ऐन संकटांत एकेक तास मोजीत मांडावा लागला.